रविवारची सभा आणि तिच्या भाषा

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत कॅथॉलिक चर्चच्या साप्ताहिक उपासनेवर बोलावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. म्हणून आरंभीच खुलासा केलेला बरा. आम्ही धर्मशास्त्राचे पंडित नव्हे, आणि कोणाला कोणत्या देवाकडे वळवावे हा आमचा उद्योग नव्हे. माणसे एकत्र जमविणे हा मात्र आमचा धंदा आहे. पगाराचा प्रश्न पेटला की हजार माणसे जमतात. तो मिटला की पुढच्या मासिक सभेला अकरा डोकी, आणि त्यातली तीन चहासाठी! हा अनुभव संघटनेच्या प्रत्येक कार्यकर्त्याने घेतलेला आहे. अशा वेळी आपल्याच गावात एखादी सभा दर आठवड्याला, कसलीही मागणी पुढे नसताना, वर्षातून बावन्न वेळा भरते आणि वेगवेगळी भाषा बोलणारी माणसे तिला न चुकता येतात, हे पाहिले म्हणजे तिची रचना काय आहे असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. त्या रचनेचा उलगडा करणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बाहेरून आलेल्यांचे गाव

श्रीरामपूर हे जुन्या पेठांचे गाव नव्हे. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग झाला, बेलापूर गावासाठी काही मैलांवर एक स्टेशन उभे राहिले, आणि त्या ‘बेलापूर रोड’च्या आसपास वस्ती वाढत गेली. गावाचे नाव पुढे बदलले, तरी स्टेशनच्या पाटीवर आजही बेलापूरच आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या कोरड्या मुलखात ऊस आणला. उसामागे साखर कारखाने आले: हरेगावला बेलापूर कंपनीचा आणि टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्सचा. १९५० साली प्रवरानगरला सहकाराचा प्रयोग उभा राहिला. कारखान्यांमागे माणसे आली. कोणी मराठवाड्यातून, कोणी नाशिककडून, कोणी गुजरात-मारवाडातून व्यापारासाठी, आणि फाळणीनंतर सिंधी-पंजाबी कुटुंबे. आमच्या गावात मूळचा कोण, हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. स्टेशनवर उतरला तो श्रीरामपूरकर!

येथला कॅथॉलिक समाज याच प्रवाहात घडला. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती धर्माचे काम अमेरिकन मराठी मिशनने १८३१ सालीच सुरू केले होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा राहुरीचा संसार मराठी वाचकांना चांगला ठाऊक आहे. ती प्रॉटेस्टंट परंपरा. कॅथॉलिक धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पादात राहुरी तालुक्यातील केंदळ, वळण या गावांकडे आले. ते येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट पंथाचे होते, आणि बहुतेक जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड या देशांतले. गोदावरीपलीकडे औरंगाबादच्या बाजूस काम करणारे धर्मगुरू फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातले होते. ज्यांनी हा धर्म स्वीकारला ते बहुतांशी गावकुसाबाहेरचे लोक. पुढे कालव्याचे पाणी आले तेव्हा हेच लोक उसाच्या मळ्यांवर आणि कारखान्यांत मजूर म्हणून आले, आणि त्यांच्यामागोमाग त्यांचे फादरही आले.

या परदेशी फादरांपैकी हेन्री डोरिंग यांचे नाव सांगितलेच पाहिजे. त्यांनी १९०३ साली केंदळहून ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जर्मन धर्मगुरूंना स्थानबद्ध करून मायदेशी धाडले. डोरिंग यांनाही युद्धानंतर परतण्याची मुभा मिळेना, तेव्हा १९२१ साली रोमने त्यांना थेट जपानात हिरोशिमाला नेमले. १९२७ साली ते पुन्हा पुण्याला आले. राहुरी तालुक्यात मराठी मासिक चालविणारा जर्मन मनुष्य हिरोशिमामार्गे पुण्यास परत येतो, यावरून आमच्या जिल्ह्यातील एका लहानशा प्रार्थनामंदिराचे धागेदोरे किती दूरवर गेले होते याची कल्पना यावी. आज धर्मगुरू परदेशी राहिलेले नाहीत. १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला, आपला जिल्हा त्यात गेला, आणि त्याचे पहिले बिशप थॉमस भालेराव हे मराठी येशूसंघीय होते.

एका उपासनेतल्या किती भाषा?

बहुभाषिक धर्मग्राम म्हटले की मुंबई-पुणे डोळ्यांपुढे येते. पुण्याच्या क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च याचे चांगले उदाहरण आहे. पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी सवाई माधवरावांनी जागा दिली आणि १७९२ साली ते उभे राहिले. म्हणजे आरंभापासूनच तेथे गोव्याकडची माणसे मराठी राज्याच्या नोकरीत राहून उपासना करीत होती. आज मोठ्या शहरांत मराठी, इंग्रजी, कोंकणी, तमिळ अशा निरनिराळ्या भाषांतील उपासना चालतात.

परंतु आमच्यासारख्या तालुक्याच्या गावीही भाषांची गर्दी काही कमी नसते. बहुसंख्य लोक मराठी, आणि त्यांतही बोली निराळ्या. मराठवाड्यातून आलेल्याची मराठी एक, प्रवराकाठची दुसरी, आणि प्रवचनातली पुस्तकी मराठी तिसरी. दवाखाने व शाळा चालविणाऱ्या सिस्टरांपैकी कित्येकींची मातृभाषा मल्याळम, काहींची कोंकणी. रेल्वे, बँक, सरकारी खाती यांतून बदलीवर आलेली गोव्याची, मंगळूरची, तमिळनाडूची कुटुंबे. मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकलेली तरुण पिढी, जिला बोलता मराठी येते पण वाचताना अडखळते. आणि धर्मगुरू स्वतः कदाचित पाचव्याच प्रांतातले!

याशिवाय उपासनेच्या पोटात ज्या जुन्या भाषा दडलेल्या आहेत त्या वेगळ्याच. ‘आमेन’, ‘हालेलुया’, ‘होसान्ना’ हे शब्द हिब्रू. दयेची याचना करणारे ‘किरीए एलेइसोन’ ग्रीक. ‘मिस्सा’ हा शब्द, उपासनेच्या शेवटी लोकांना निरोप देण्याचे जे लॅटिन वाक्य होते, त्यावरून आलेला. ‘पाद्री’ आणि ‘नाताळ’ पोर्तुगीज. येथे आमच्या व्यवसायाशी संबंध असलेली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या पोर्तुगीज गलबतांतून ‘पाद्री’ हा शब्द आला त्याच गलबतांतून ‘पगार’ हाही आला. पाद्री परका म्हणून त्याच्याकडे बोट दाखविणारेही पगार मात्र परका मानीत नाहीत!

लॅटिनकडून मराठीकडे

आजचा तरुण श्रोता विचारील, की लोक मराठी तर उपासना मराठीतच असणार, त्यात सांगण्यासारखे काय? सांगण्यासारखे पुष्कळ आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हरेगावचा ऊसतोड्या असो की रोममधला प्राध्यापक, मिस्सा दोघांनाही लॅटिनमध्येच ऐकावी लागे. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून विधी करी. प्रवचन आणि भक्तिगीते मराठीत असत, पण मुख्य विधीचे शब्द लोकांच्या कानांवरून जात. लोक आपापली जपमाळ ओढीत बसत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषांना वेदीपर्यंत येण्याची वाट मोकळी झाली. १९६५ पासून भारतात हा बदल टप्प्याटप्प्याने येत गेला.

आमच्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी वाटण्याचे कारण नाही. येथून जवळच, नेवाशाला, १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. संस्कृताच्या कुलुपात असलेले धन लोकांच्या भाषेत आणण्याचा तो उद्योग होता. ख्रिस्ती परंपरेतही अशी एक मोठी खटपट होऊन गेलेली होती. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने साष्टीत राहून सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ साली छापले गेले. मराठी भाषेत छापलेल्या अगदी पहिल्या ग्रंथांपैकी तो एक. म्हणजे सत्ता परक्यांची असूनही ग्रंथ मराठी होता. पण पुढे काय झाले? १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकभाषेचा वापर बंद करून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले. सत्तर वर्षांपूर्वी ज्या भूमीत ओव्या छापल्या गेल्या त्याच भूमीत बोलीवर बंदी आली. भाषा वेदीपर्यंत पोहोचते ती केवळ कोणाच्या कृपेने नव्हे आणि हटते तीही केवळ लोकांच्या आळसाने नव्हे. तिच्यामागे सत्तेचे निर्णय असतात. कामगारांना हे वेगळे सांगावयास नको.

१९६९ साली भारतीय बिशपांच्या विनंतीवरून रोमने आणखी बारा गोष्टींना संमती दिली. गुडघे टेकण्याऐवजी भारतीय पद्धतीने लवून प्रणाम, मेणबत्त्यांच्या जागी तेलाची समई, आरती, पादत्राणे काढून जमिनीवर बसणे, शांतीची खूण म्हणून हात जोडून नमस्कार, या त्यांपैकी काही. यावर पुष्कळ वाद झाला. बाहेरच्या काहींना हे सोंग वाटले, आतल्या काहींना हे बाटणे वाटले. खेड्यातल्या माणसाला मात्र चर्चमध्ये जमिनीवर मांडी घालून बसण्यात काही क्रांती वाटली नाही. तो घरी तसाच बसत होता!

साचा एक, शब्द अनेक

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भाषा वेगळ्या असताना सभा एक कशी राहते? याचे उत्तर आमच्या मते उपासनेच्या साच्यात आहे. रविवारची मिस्सा जगात कोठेही दोन मोठ्या भागांची असते. पहिला भाग शब्दाचा. त्यात बायबलमधील दोन वाचने, मध्ये एक स्तोत्र, नंतर शुभवर्तमानाचे वाचन, त्यावर प्रवचन, श्रद्धेची कबुली आणि लोकांच्या वतीने मागण्या. दुसरा भाग भोजनाचा. भाकर आणि द्राक्षरस वेदीवर आणणे, मोठी आभारप्रार्थना, प्रभूची प्रार्थना, शांतीचा नमस्कार, ख्रिस्तप्रसाद आणि निरोप. वाचनांचे चक्र तीन वर्षांचे ठरलेले असते. ज्या रविवारी श्रीरामपूरला जो उतारा वाचला जातो, त्या रविवारी तोच उतारा मनिला, नैरोबी आणि लिमा येथेही.

याचा परिणाम फार व्यावहारिक आहे. केरळातून नुकतीच आलेली नर्स मराठी मिस्सेला बसली, तर तिला शब्द कळत नाहीत. पण आता उभे राहावयाचे, आता बसावयाचे, आता हात जोडावयाचे, हे तिला कळते. आज कोणता उतारा आहे तो तिने आपल्या भाषेत आधीच वाचलेला असू शकतो. साचा पक्का असल्यामुळे भाषा बदलली तरी माणूस हरवत नाही. आमच्या संघटनांतही कार्यक्रमपत्रिका ठरलेली असते तेव्हा तेलुगू पाथरवट आणि मराठी हमाल एका सभेत बसू शकतात. अध्यक्षाच्या लहरीवर चाललेल्या सभेत मात्र एका भाषेची माणसेही हरवतात.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. केरळच्या सर्व कॅथॉलिकांची उपासना-परंपरा एकच नाही. भारतात कॅथॉलिक चर्चच्या तीन परंपरा आहेत: लॅटिन, सिरो-मलबार आणि सिरो-मलंकार. पुढच्या दोन्ही परंपरा सिरियाक वळणाच्या. महाराष्ट्रातील सिरो-मलबार लोकांसाठी १९८८ साली कल्याण येथे वेगळा धर्मप्रांत झाला, आणि सिरो-मलंकारांचे केंद्र खडकीला आहे. तेव्हा मल्याळी सिस्टर मराठी मिस्सेला येते तेव्हा ती कधीकधी केवळ भाषेची नव्हे, तर परंपरेचीही वेस ओलांडून येत असते.

रविवार कोणी मिळवून दिला?

सभेला साचा हवा तसा वेळही हवा. रविवार हा ख्रिस्ती लोकांचा प्रार्थनेचा दिवस पहिल्या शतकापासून आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली त्याला विश्रांतीच्या दिवसाचा दर्जा दिला. पण हिंदुस्थानातल्या मजुराला रविवारची सुटी चर्चने दिली असे मात्र कोणी समजू नये. ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने मिळविली. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली. त्यांच्या रविवारच्या मागणीत तो खंडोबाचा वार आहे हाही मुद्दा होता. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मागणी मान्य केली, आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुटीची तरतूद झाली. त्याच १८९१ साली, १५ मे रोजी, पोप तेरावे लिओ यांनी मजुरांच्या स्थितीवर ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले व मजुरांच्या संघटना करण्याच्या हक्काला चर्चची मान्यता दिली. म्हणजे खंडोबाचा वार, ख्रिस्ताचा वार आणि कामगाराचा वार या तिन्ही वाटा एका दिवशी येऊन मिळाल्या.

परंतु साखर कारखान्यात रविवार सर्वांना मिळत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की रस थांबत नाही, बॉयलर थांबत नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याच्या पहिल्या दिवशी सुटी सांगितली होती आणि तो दिवस गेला तर बदली सुटीही सांगितली होती. तरी पाळीच्या कामगाराची सुटी मंगळवारी येते आणि त्याच्या बायकोची प्रार्थना रविवारीच राहते. ऊसतोड मजुराला तर सुटीचा वारच नसतो. चर्चने यावर एक तोड काढलेली आहे. ज्यू परंपरेप्रमाणे दिवस संध्याकाळी सुरू होतो, म्हणून शनिवारी सायंकाळची मिस्सा रविवारचीच मानतात. १९८३ च्या चर्चच्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलेले आहे. तत्त्व न सोडता घड्याळ सरकविण्याची ही हातोटी आमच्या कार्यकर्त्यांनीही लक्षात घेण्यासारखी आहे.

खेड्यांची गोष्ट आणखी निराळी. एका धर्मग्रामाखाली वीस-तीस वाड्यावस्त्या असतात आणि फादर एक किंवा दोन. पूर्वी ते घोड्यावरून वा सायकलने जात, पुढे मोटारसायकली आल्या. प्रत्येक वस्तीवर दर रविवारी पोहोचणे अशक्य. म्हणून हा सारा डोलारा उभा राहिला तो ‘मास्तरां’वर. मास्तर म्हणजे एकाच वेळी शाळाशिक्षक, धर्मशिक्षक, भजनाचा म्होरक्या, अर्ज लिहिणारा आणि भांडणे मिटविणारा. फादर नसताना प्रार्थना तोच चालवी. फादर परदेशी आणि त्यांची मराठी शुद्ध पण जर्मन वळणाची. ती वस्तीच्या मराठीत उतरविण्याचे काम मास्तरांचे. आमच्या मते या जिल्ह्यातील बहुभाषिकतेचा खरा दुभाषी हा मास्तर होय. इतिहासात बिशपांची नावे राहतात. ढोलकी, टाळ आणि पेटी घेऊन वस्तीला गाते ठेवणाऱ्या या माणसांची नावे फारशी राहत नाहीत.

तासांची वाटणी

एकाच मंदिरात अनेक भाषांचे लोक आले म्हणजे तीन मार्ग असतात. पहिला, प्रत्येक भाषेला स्वतंत्र तास. दुसरा, एकाच मिस्सेत वाचन एका भाषेत, स्तोत्र दुसऱ्या भाषेत, मागण्या तिसऱ्या भाषेत. तिसरा, एरवी वेगळे बसावे पण पास्का, नाताळ आणि धर्मग्रामाचा सण एकत्र करावा.

पहिल्या मार्गात प्रत्येकाला आपल्या भाषेत मन मोकळे करता येते. सुख-दुःखाची भाषा आईची असते. पश्चात्तापाचे शब्द परक्या भाषेत उमटत नाहीत. पण त्यात धोका असा, की सातची मंडळी आणि नऊची मंडळी यांची गाठ फाटकाशीसुद्धा पडत नाही. एका छपराखाली दोन धर्मग्रामे तयार होतात. त्यातही प्रश्न येतो तो कोणता तास कोणाला? सोयीचा तास सुशिक्षितांच्या भाषेला आणि पहाटेचा किंवा भर दुपारचा मजुरांच्या भाषेला, अशी वाटणी झाली तर भाषेच्या नावाखाली वर्गभेद देवळात शिरला असे समजावे. दुसरा मार्ग ऐकावयास गोड, पण रोज चालविण्यास कठीण. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानेच कळते, आणि पुष्कळदा ज्यांची संख्या मोठी त्यांनाच समंजसपणा दाखवावा लागतो. म्हणून बहुतेक ठिकाणी तिसऱ्या मार्गाने समेट होतो. बायबलात पन्नासाव्या दिवसाची कथा आहे. तीत निरनिराळ्या देशांतून आलेल्या लोकांना प्रेषितांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू आले. त्या दिवशी सर्वांची भाषा एक झाली नाही, प्रत्येकाची राहिली. बहुभाषिक धर्मग्रामाचे सारे शास्त्र या एका कथेत आहे असे आम्हांस वाटते.

भाषा हरवते कशी याचे उदाहरण मुंबईत आहे. साष्टी आणि वांद्र्याकडच्या ज्या स्थानिक ख्रिस्ती समाजाने १८८७ साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, त्यांची घरची बोली मराठीच. पण शाळा इंग्रजी, नोकरी इंग्रजी, म्हणून हळूहळू प्रार्थनाही इंग्रजी होत गेली, आणि बोली लग्नातल्या गाण्यांपुरती उरू लागली. याच्या उलट वसईत. तेथे घरी सामवेदी वा वाडवळी बोली असली तरी वेदीवर मराठी टिकून राहिली, आणि त्याच समाजातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. दोन्ही समाज एका किनाऱ्यावरचे. फरक पडला तो रविवारच्या तासाला कोणती भाषा मिळाली यामुळे, हे एकमेव कारण नसले तरी लहान कारण नव्हे.

पंगतीतला प्रश्न

उपासना एक तासाची, पण धर्मग्राम सात दिवसांचे. १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम या फ्रेंच विद्यार्थ्याने आपल्या मित्रांसह पॅरिसमध्ये काढलेली संत विन्सेंट द पॉल सोसायटी आज जगभरच्या धर्मग्रामांतून काम करते. सभासद ठराविक वेळी जमतात, एक गुप्त झोळी फिरते, कोणी किती टाकले ते कोणाला कळत नाही, आणि मग दोघादोघांनी गरजू घरी जावयाचे. वर्गणीची पावती फाडणाऱ्या आम्हा लोकांना ही गुप्त झोळी प्रथम विचित्र वाटते. पण देणाऱ्याची मिजास आणि घेणाऱ्याची लाज दोन्ही कमी करण्याचा हा उपाय आहे. पैशाच्या हिशेबासाठी चर्चच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावीच लागते. तिच्यावर आणि सल्लागार मंडळावर कोणत्या भाषेची, कोणत्या वस्तीची माणसे बसतात, हे पाहिले म्हणजे त्या धर्मग्रामाची प्रकृती कळते. गाणारे एक आणि ठरविणारे दुसरे, असे होऊ नये.

आता जे बोलणे अवघड ते बोलू. आमच्या भागातल्या बहुसंख्य कॅथॉलिकांचे पूर्वज अस्पृश्य मानलेल्या जातींतले. हरेगावलाच १६ डिसेंबर १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाच्या जुलमाविरुद्ध परिषद घेतली, हे येथील प्रत्येक वस्ती जाणते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरविल्या. १९५६ साली त्यांत शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती व मुसलमान अद्याप बाहेरच आहेत. हा प्रश्न तपासण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला. बाजू अनेक आहेत. जात मानीत नाही म्हणणाऱ्या धर्मात गेल्यावर जातीची सवलत कशी, असे एक पक्ष म्हणतो. धर्म बदलला तरी गावाने विहीर बदलू दिली नाही, असे दुसरा पक्ष म्हणतो. आमचे मत दुसऱ्या पक्षाकडे आहे, आणि ते धर्मावरून नव्हे तर मस्टरवरून बनलेले आहे. एका वस्तीत शेजारी राहणारे, एकाच मळ्यावर एकच काम करणारे दोन चुलतभाऊ, एक बौद्ध आणि एक ख्रिस्ती. त्यांच्या मजुरीत फरक नसतो, अपमानात फरक नसतो, फक्त मुलांच्या फॉर्मवरील रकान्यात फरक पडतो.

हा प्रश्न भाषेच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. गरिबाच्या मुलाला वर येण्याची जी वाट दिसते ती इंग्रजी शाळेची. ती वाट त्याने धरू नये असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. पण त्या वाटेने गेलेला मुलगा इंग्रजी मिस्सेला बसू लागला आणि त्याची आजी मराठी मिस्सेला राहिली, तर एका घराचे दोन तास होतात. आजीजवळ वस्तीची भजने, उपासाच्या दिवसांतली गाणी, मास्तरांनी शिकविलेली प्रार्थना आहे. ती तिच्याबरोबर संपणार की नातवाला मिळणार? आमच्या मते बहुभाषिक धर्मग्रामातला सर्वांत तातडीचा प्रश्न मराठी आणि मल्याळमचा नसून आजी आणि नातवाचा आहे.

हरेगावची वाट

एवढे असूनही माणसे एकत्र येतात याचा पुरावा दर सप्टेंबरात मिळतो. आठ सप्टेंबर हा मरियेच्या जन्माचा सण. वांद्र्याच्या टेकडीवरील मोतमाउलीची जत्रा याच सुमारास भरते, आणि हरेगावच्या संत तेरेजा चर्चमध्ये मतमाउलीची यात्राही याच सुमारास. आधी नऊ दिवसांची नोव्हेना, मग यात्रा. ज्ञानेश्वरांना दिलेला ‘माउली’ हाच शब्द येथे मरियेला मिळाला आहे, हे आमच्या भाषेचे औदार्य. यात्रेला ख्रिस्ती येतात तसे शेजारपाजारचे इतर धर्मांचे लोकही येतात, नवस बोलतात, नारळ-मेणबत्त्या घेतात, खेळण्यांच्या दुकानांपुढे थांबतात.

हरेगावचा कारखाना बंद पडून आता पुष्कळ वर्षे झाली. १९६३ साली झालेल्या शेती महामंडळाने कंपनीच्या जमिनी घेतल्या, पुढे खंडकऱ्यांचा लढा झाला, मजुरांची मुले पुणे, नाशिक, मुंबईला पांगली. जो कारखाना माणसांना एकत्र आणी तो गेला. त्याच्या युनियनची सभा आता भरत नाही. यात्रा मात्र भरते, आणि पांगलेले लोक तीन भाषा शिकून, चार शहरांची धूळ घेऊन त्या दोन दिवसांसाठी परत येतात. कामगार चळवळीच्या माणसाला हे पाहून आनंदही होतो आणि थोडे अंतर्मुखही व्हावे लागते. आम्ही लोकांना कामाच्या ठिकाणी एकत्र केले. काम गेले तेव्हा एकत्र राहण्याचे कारणही गेले. धर्मग्रामाने त्यांना वाराच्या आणि सणाच्या दोरीने बांधले, ती दोरी काम गेल्यावरही उरली.

यातून नागरिकांनी काय घ्यावे? गावात कोणतीही संस्था चालवावयाची, मग ती वाचनालय असो, तालीम असो, सहकारी पतपेढी असो की युनियन, तिला तीन गोष्टी लागतात. ठरलेला वार, ठरलेला साचा, आणि प्रत्येकाला आपल्या भाषेत तोंड उघडण्याची मुभा. पहिल्या दोन गोष्टी शिस्तीने येतात. तिसरी न्यायबुद्धीने आणावी लागते. सोयीचा तास कोणाला दिला, याचा हिशेब प्रत्येक संस्थेने वर्षातून एकदा तरी मांडावा.

हा वसंत ऋतू. चैत्रात श्रीरामपूरला रामनवमीची यात्रा भरते, आणि वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणाऱ्या पहिल्या रविवारी ख्रिस्ती लोकांचे पास्का असते. दोन्ही तिथी चंद्राच्या हिशेबाने ठरतात, म्हणून दोन्ही सण कित्येक वर्षी एका पंधरवड्यात येतात. त्या दिवसांत स्टेशनच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्ही बाजूंना गर्दी असते. श्रोत्यांनी आपल्या बाजूची गर्दी पाहून झाल्यावर दुसऱ्या बाजूलाही एकदा जाऊन यावे, शेजाऱ्याला त्याच्या भाषेत शुभेच्छा द्याव्यात, एवढीच आमची विनंती आहे.